ज्याला मालक नाही, त्याला नाव लागतं

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका बैठकीला गेलो होतो. विषय साधा होता. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या काही शाळांना आणि गावच्या वाचनालयांना देणगीतून वापरलेले संगणक मिळाले आहेत. त्यांवर परवान्याचे पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायचं, की संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली, कागदपत्रं करायचं लिबरऑफिस असं मुक्त सॉफ्टवेअर बसवायचं, एवढं ठरवायचं होतं. बैठक दोन तास चालली आणि त्यातला दीड तास नावांवरून झालेल्या वादात गेला. एक निवृत्त अभियंते म्हणाले, "पेंग्विन काय, कोल्हा काय, रस्त्यातला शंकू काय! हे घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलासमोर उभं राहायचं कसं?" (पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह, कोल्हा फायरफॉक्स या ब्राउझरचं, शंकू व्हीएलसी या व्हिडिओ लावायच्या सॉफ्टवेअरचं.) त्यावर आमच्यातलाच एक तरुण प्रोग्रॅमर उसळून म्हणाला, "नावाचं काय घेऊन बसलाय काका? काम बघा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी महागडी सॉफ्टवेअरं आम्ही रोज बघतो." टाळ्या दोघांनाही पडल्या आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. घरी येताना मला राहून राहून वाटत होतं, की दोघं चुकले ते एकाच जागी. एकाला नाव पोरकट वाटत होतं, दुसऱ्याला बिनमहत्त्वाचं. म्हणजे नाव ही वरून लावायची टिकली आहे, यावर दोघांचं एकमतच होतं.

मला ते मान्य नाही. ज्या वस्तूला मालक असतो, तिच्या पाठीशी दुकान असतं, विक्रेता असतो, जाहिरातीचा पैसा असतो, बिलावर छापलेला पत्ता असतो. मुक्त सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. ते उघडून पाहायचा, बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क सगळ्यांना आहे. मग अनोळखी माणसाने ते ओळखायचं कशावरून? अडलं तर काय म्हणून विचारायचं? शेजाऱ्याला सांगताना कशाकडे बोट दाखवायचं? नाव आणि चिन्ह, एवढीच त्याची मिळकत. मालक असलेल्या वस्तूचं एक वेळ नावावाचून भागेल, मालक नसलेल्या वस्तूचं भागत नाही. मराठीत मुक्त सॉफ्टवेअर मागे राहिलं त्याचं एक मोठं कारण मला इथेच दिसतं. आपण त्याचं बारसंच केलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत आम्ही तिघांनी पाच संगणकांवर लिनक्स बसवलं. काम संपल्यावर मुख्याध्यापक बाईंनी डेडस्टॉक रजिस्टर पुढे ओढलं. अनुक्रमांक, वस्तू, नग, किंमत आणि शेवटी एक रकाना: कंपनीचे नाव. संगणकाची कंपनी त्यांनी लिहिली. मग पेन थांबवून विचारलं, "आणि आत घातलंय त्याची कंपनी कोणती, सर?" मी सांगायला लागलो, की तशी कंपनी नाही, जगभरातली माणसं मिळून ते तयार करतात, सांभाळतात. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या, पण पेन काही कागदाला टेकेना. रकाना रिकामा ठेवला तर तपासणीत विचारणार, आणि मी सांगत होतो ते त्या बोटभर चौकटीत मावणारं नव्हतं. मागे चौथीची मुलं टक्स पेंटमध्ये चित्रं काढत होती. त्यातली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "बाई, पेंग्विनची कंपनी." बाईंनी तेच लिहिलं. आज त्या शाळेत पाच संगणक 'पेंग्विनचे' आहेत आणि कार्यालयातला एक 'खिडकीचा', म्हणजे विंडोजचा. पावसाळ्यात एकदा फोन आला, "सर, दोन नंबरचा पेंग्विन उठंना झालाय." मला अर्ध्या तासात जे समजावून सांगता आलं नव्हतं, ते त्या चित्राने करून टाकलं होतं. वस्तूला ओळख मिळाली होती, आणि ओळख मिळाली म्हणून तिच्याबद्दल तक्रारही करता येत होती.

तो पेंग्विन आला कुठून, हेही इथे सांगायला हवं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस तोर्वाल्ड्सने १९९१ मध्ये आपलं काम जाहीर केलं तेव्हा त्याच्या मनात 'फ्रीक्स' हे नाव होतं. 'लिनक्स' त्याला आत्मप्रौढीचं वाटत होतं. ज्या सर्व्हरवर फायली ठेवायच्या होत्या तिथलं काम पाहणाऱ्या आरी लेम्के यांना 'फ्रीक्स' रुचलं नाही आणि त्यांनी त्या कप्प्याला परस्पर 'लिनक्स' नाव देऊन टाकलं. मूल एकाचं, नाव ठेवलं दुसऱ्याने. आपल्याकडे आत्या ठेवते तसं. पुढे १९९६ मध्ये बोधचिन्हाची चर्चा निघाली, तेव्हा तोर्वाल्ड्सला हवा होता पोटभर मासे खाऊन तृप्त बसलेला पेंग्विन. लॅरी युइंग यांनी तो काढला गिंप या चित्रं करायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्येच, आणि मूळ चित्रकाराचा उल्लेख ठेवून कुणीही वापरावा, बदलावा अशी मोकळीक दिली. माझ्या दृष्टीने यातला शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा आहे. ज्या रीतीने सॉफ्टवेअर वाटलं जातं, त्याच रीतीने त्याचं चित्र वाटलं गेलं. आमच्या शाळेच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेल्या पेंग्विनला डोक्यावर फेटा आहे. एखाद्या कंपनीच्या बोधचिन्हाला असा फेटा बांधायचा तर आधी त्या कंपनीची परवानगी काढावी लागेल.

आता अभियंत्यांचा आक्षेप. तो वरवर वाटतो तेवढा हलका नाही. सरकारी कचेरीत गांभीर्याला किंमत असते, आणि फायलीवर पेंग्विन दिसला की फाईल बाजूला पडायची भीती खरी आहे. पण याच देशाने आपलं सगळ्यात गंभीर काम चित्रांच्या भरवशावर पार पाडलं होतं. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगापुढे प्रश्न होता, की ज्याला अक्षर लागत नाही त्याने आपला उमेदवार ओळखायचा कसा? त्यावर चिन्हांचा तोडगा निघाला. उमेदवारागणिक मतपेटी वेगळी, आणि पेटीवर चित्र: बैलजोडी, झोपडी, दिवा, झाड. त्या चित्रांमुळे राज्यघटना पोरकट ठरली का? आपल्या जिल्ह्यात 'भारतीय शेतकरी कामगार पक्ष' हे पूर्ण नाव किती जणांच्या तोंडी होतं? गावोगावी 'खटारा' म्हटलं की भागत होतं. पक्षाचा जाहीरनामा वाचलेली माणसं थोडी, खटारा ओळखणारी घरंच्या घरं. संगणकासमोर पहिल्यांदा बसलेला माणूस, भले तो पदवीधर असो, त्या जगात निरक्षरच असतो. शब्द इंग्रजी, मेनू इंग्रजी, चुकलं तर येणारा संदेशही इंग्रजी. त्याला पहिल्यांदा ओळखू येतं ते चित्र. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून लागेना झाला, की घरातलं पोरगं ओरडतं, "शंकूवाल्यात लाव, लागतंय." व्हीएलसी ही तीन अक्षरं कशाची, ते पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं, हे त्याला ठाऊक नसतं. शंकू मात्र पक्का ठाऊक असतो.

आणि गांभीर्याचंच म्हणाल, तर कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. १९२९ मध्ये याच शहरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. तिचं चिन्ह होतं तुतारी फुंकणारी स्त्री. ती पडद्यावर आली की प्रेक्षक सावरून बसायचा. चित्रपट कुणाचा हे वाचता न येणाऱ्यालाही ती तुतारी कळायची. चिन्ह पोरकट आहे की भारदस्त, हे त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या कामावर ठरतं.

तरुण मित्राचं म्हणणं जास्त वजनाचं आहे, आणि त्यातलं बरंचसं मी मान्य करतो. नावाने निकृष्ट काम तरत नाही. नुसतं नाव बदलून कुणी मोठं होत नाही, याचा दाखलाही मुक्त सॉफ्टवेअरच्याच इतिहासात आहे. 'गिंप' हा शब्द आपल्याला निरर्थक वाटतो, पण इंग्रजीत तो अपंगांना हिणवण्यासाठी वापरला जातो. वर्षानुवर्षं लोक सांगत होते, की या नावामुळे शाळेत, कार्यालयात हे सॉफ्टवेअर सुचवायला संकोच वाटतो. शेवटी २०१९ मध्ये काही जणांनी त्याच कोडची, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या लिहिलेल्या सूचनांनी बनतं त्यांची, 'ग्लिम्प्स' नावाची वेगळी शाखा काढली. २०२१ मध्ये ती थांबली. नाव चांगलं होतं. काम पुढे नेणारे हात पुरेसे नव्हते. दुसरीकडे गिंप त्याच अडचणीच्या नावानिशी चालू राहिलं. तेव्हा 'काम बघा' हे खरंच आहे. पण या प्रसंगातून दुसरीही गोष्ट दिसते. चांगलं काम हाताशी असूनही एका नावामुळे शिक्षकाला ते वर्गात न्यायला लाज वाटावी, हा त्या कामावर अन्यायच. प्रोग्रॅमर मंडळींनी आपापसातल्या गमतीतून नावं ठेवली. मुक्त सॉफ्टवेअरच्या मूळ प्रकल्पाचं नाव 'ग्नू'. ग्नू म्हणजे 'ग्नू युनिक्स (एक जुनी संगणक प्रणाली) नव्हे', या व्याख्येतल्या ग्नूचा अर्थ पुन्हा तोच, असं ते न संपणारं कोडं. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव 'गिट', हा तर इंग्लंडातला अपशब्द. आतल्यांना यात मौज वाटते, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की हा आपला कट्टा नव्हे. हा दोष मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा आहे, आणि तो त्यांनी पदरात घ्यायला हवा. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. आपण पहिलं काम नीट केलं नाही, तर लोक दुसरं करतात.

बैठकीत कुणी मांडला नाही, पण मांडायला हवा होता असा एक मुद्दा अँड्रॉइडचा आहे. २००८ पासून बाजारात आलेल्या या फोनच्या गाभ्यात लिनक्सच आहे. महाद्वार रोडवरच्या गर्दीत बहुतेक प्रत्येकाच्या खिशात लिनक्स आहे, आणि त्याला ते नाव ठाऊक नाही, पेंग्विनही ठाऊक नाही. मग नावावाचून अडलं कुठे? नाव न सांगताच तर लिनक्स जगभर पोचलं! माझ्या बाजूविरुद्धचा हा सगळ्यात बळकट पुरावा आहे, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्याचं उत्तर मला मिळालं ते पापाची तिकटीला, चपलांच्या दुकानांच्या ओळीत.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत आपली चप्पल दिसली. तोच अंगठा, तीच वेणी, तेच कातडं. नाव मात्र कोल्हापूरचं नव्हतं. इथे संताप उसळला तो कशामुळे? वस्तू चोरीला गेली नव्हती. चप्पल शिवण्याची कला काही कुलपात ठेवलेली नाही, कुणीही शिकावी. वस्तू जगाच्या व्यासपीठावर पोचली याचा खरं तर आनंद व्हायला हवा होता. संताप झाला तो वस्तू गेली आणि नाव मागे राहिलं म्हणून. नाव गेलं असतं तर त्याच्यासोबत चपला करणाऱ्या कापशी गावाचं नाव गेलं असतं, कातडं कमावणाऱ्यांचे हात गेले असते, पिढ्यान्‌पिढ्यांचं श्रेय गेलं असतं आणि त्या श्रेयाबरोबर पुढची मागणी इथल्या कारागिराकडे आली असती. लोकांनी आवाज उठवल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली. अँड्रॉइडमधल्या लिनक्सचं असंच झालं आहे. वस्तू घरोघर पोचली, पण जो तिचा खरा गुण, म्हणजे ही सगळ्यांची आहे, उघडून पाहता येते, दुसऱ्याला देता येते, तो नावासोबत मागेच राहिला. खिशात लिनक्स असलेल्या किती जणांना वाटतं की या वस्तूवर आपला हक्क आहे? प्रसार झाला तो यंत्राचा. आणि आम्ही शाळाशाळांतून फिरतो ते नुसतं यंत्र चालू करून द्यायला नाही.

चपलेचा दाखला इथे संपत नाही, कारण कायद्याच्या बाजूनेही तो तंतोतंत लागू पडतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं मिळून. ते मानांकन काय राखतं? चपलेचा आकार घेऊन जगात कुणी कुठेही चप्पल शिवली तर ती थांबवणं त्याच्या हातात नाही. ते राखतं ते 'कोल्हापुरी' हे नाव. मुक्त सॉफ्टवेअरचीही व्यवस्था नेमकी हीच आहे. कोड सगळ्यांना खुला, नाव मात्र राखलेलं. ज्याला हे विसंगत वाटतं त्याने लिनक्सचा प्रसंग पाहावा. १९९० च्या दशकात अमेरिकेत एका गृहस्थाने 'लिनक्स' हे व्यापारचिन्ह स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं आणि लिनक्सवर पोट असलेल्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली. १९९७ मध्ये तडजोड होऊन ते तोर्वाल्ड्सकडे आलं. कोडची एकही ओळ न लिहिता एक माणूस सगळ्यांची वाट अडवू शकत होता, कारण नावाकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. फायरफॉक्सला तर आज ओळखीचं असलेलं नाव मिळायच्या आधी दोन नावं सोडावी लागली. आधी 'फिनिक्स', मग 'फायरबर्ड', आणि २००४ मध्ये 'फायरफॉक्स'. दोन्ही वेळा कारण एकच: ते नाव आधीच दुसऱ्या कुणाचं होतं.

२०१० मध्ये तर याहून अवघड प्रसंग आला. कागदपत्रं करायचं ओपनऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर ज्या कंपनीच्या छत्राखाली होतं ती ओरॅकलने विकत घेतली आणि नाव ओरॅकलकडे गेलं. स्वयंसेवकांनी कोड उचलला, कारण तो उचलायचा हक्क परवान्याने दिलेला होता. नाव मात्र उचलता आलं नाही, म्हणून त्यांना 'लिबरऑफिस' असं नवं बारसं करावं लागलं. काम करणारी बरीच मंडळी नव्या घरी गेली. आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांतले निम्मे जण 'ओपन ऑफिस शिकवता का?' असंच विचारतात. इतक्या वर्षांनंतरही! ज्यांना नाव ही टिकली वाटते, त्यांनी याचं उत्तर द्यावं. माणसं गेली, काम गेलं, आणि लोकांच्या तोंडी नाव जुनंच राहिलं. नावाची ताकद एवढी असेल, तर ते ठेवताना आपण इतके निष्काळजी का?

आता मराठीकडे येतो, कारण दुखणं खरं इथे आहे. शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचे पॅटर्न करणारे एक कारखानदार माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना त्रिमितीय आराखड्यांसाठी मी फ्रीकॅड दाखवलं. त्यांनी दोन-तीन भाग फिरवून पाहिले, माप घालून पाहिलं, मान डोलावली आणि मग विचारलं, "फ्री म्हंजे डेमो हाय काय? का वर्षभरानं पैसे मागणार?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढलाच. "मग बिल कुणाचं? उद्या अडलं तर कुणाच्या दारात उभं राहायचं?" त्यांचं काय चुकलं? 'फ्री' हा शब्द त्यांनी आयुष्यभर कुठे ऐकला? साबणाच्या वडीवर, सिमकार्डाच्या पाकिटावर. बाजारात फ्री म्हणजे आमिष, हे अनुभवाने शिकलेलं शहाणपण आहे. मी म्हटलं, "फ्री विसरा. मुक्त म्हणा. तुमचा लेथ कसा तुम्ही खोलता, बेअरिंग बदलता, लागलं तर स्वतःचा पार्ट करून घालता, शेजाऱ्याला दाखवता, तसं हे." ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे झाकण उघडं ठेवलंय म्हणा की." ज्या उद्यमनगरात लोकांनी बाहेरची यंत्रं खोलून, समजून घेऊन स्वतःची यंत्रं घडवली, तिथल्या माणसाला मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्व शिकवावं लागत नाही. ते त्याच्या हातात आहे. आड येत होता तो एक शब्द.

आणि हा शब्द आपल्यावर कुणी लादलेला नाही. इंग्रजीची अडचण खरी होती, कारण तिथे 'फ्री' या एकाच शब्दात मोकळं आणि फुकट दोन्ही बसतात. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन वर्षानुवर्षं हा फरक समजावत आले. फेब्रुवारी १९९८ मध्ये ख्रिस्टीन पीटरसन यांनी 'ओपन सोर्स' हे नाव सुचवलं ते 'फ्री' ऐकून उद्योजक बिचकतात म्हणूनच, आणि थोड्याच वर्षांत सगळा उद्योग तो शब्द बोलू लागला. आपल्याला तर ही कसरत करायचीच नव्हती. मोफत वेगळं, फुकट वेगळं, मुक्त वेगळं. तिन्हींचा वास वेगळा. त्यात 'मुक्त' हा शब्द महाराष्ट्रात आधीच रुजलेला आहे. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तो वाडीवस्तीपर्यंत नेला. शाळा सुटलेली बाई, गिरणीतला कामगार, शेतात राबणारा मुलगा पदवीधर झाला तो 'मुक्त'मधून. "मी मुक्तमधून केलंय" हे वाक्य लोक अभिमानाने सांगतात. इतका कमावलेला शब्द हाताशी असताना आपण 'फ्री सॉफ्टवेअर, फ्री सॉफ्टवेअर' म्हणत दारोदार फिरतो आणि लोक विश्वास ठेवत नाहीत म्हणून कपाळाला हात लावतो. केरळने ही चूक केली नाही. तिथे २००२ पासून भाषेसाठी काम करणाऱ्या गटाचं नाव आहे 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग'. स्वतंत्र! शब्दातच सगळं आलं. तिथल्या सरकारी शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर चालतात, आणि मुलांच्या मंडळांना नाव आहे 'लिटल काइट्स', छोटे पतंग. केरळचं यश नावामुळे आलं असा दावा मी करणार नाही. त्यामागे सरकारचा निर्णय आहे, शिक्षकांची मेहनत आहे. पण शाळेतल्या मुलाला 'मी पतंगांमधला आहे' असं सांगता येतं. आमच्या मुलाला काय सांगता येतं?

सहकार हा आपल्या जिल्ह्याचा श्वास आहे, म्हणून तिथला एक दाखला. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ हे नाव कागदोपत्री बरोबर आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचं दूध कुणी त्या नावाने मागतं का? सगळे म्हणतात 'गोकुळ'. हजारो उत्पादकांची वस्तू, एक मालक नाही, आणि तरी मुंबईतल्या गृहिणीला ती एका शब्दात मागता येते. आणंदच्या संघानेही हेच ओळखलं. त्यांच्यासमोर पोल्सनचं खाजगी लोणी होतं. सहकाराची तत्त्वं जाहिरातीत छापून त्याला उत्तर देता आलं नसतं. १९६६ मध्ये ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली अमूलची मुलगी आली आणि सभासद शेतकऱ्यांच्या मालाला एक चेहरा मिळाला. सहकारी वस्तूला नाव लागतं, चेहरा लागतो, हे ज्या मातीला इतक्या लवकर कळलं, तिने मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत 'नावाचं काय घेऊन बसलाय' म्हणावं?

करायचं काय, हा प्रश्न येणारच. पेंग्विन फेकून द्यावा असं माझं म्हणणं नाही. जपानमधल्या वर्डप्रेस हे वेबसाइट करायचं मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी 'वापू' नावाचं गोंडस पिवळं पात्र मुक्त परवान्याने दिलं, आणि देशोदेशीच्या लोकांनी त्याला आपापला वेश चढवला. आपल्या जवळचं उदाहरण तर त्याहून सुंदर आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्त परवान्याने फॉन्ट दिले आणि त्यांची नावं ठेवली 'मुक्त', 'मोदक'. मोदक फॉन्ट बघा, अक्षरं खरोखर सारण भरल्यासारखी गुबगुबीत आहेत. त्यांच्याच 'बलू' फॉन्टची वेगवेगळ्या लिप्यांतली रूपं होती बलू भाई, बलू दा, बलू तम्मा, बलू चेट्टन, बलू पाजी. ज्या भाषेत भावाला जी हाक मारतात, ती त्या लिपीच्या फॉन्टच्या नावात. हे ज्याला सुचलं त्याला नाव म्हणजे काय ते कळलं आहे. परकी वस्तू एका हाकेत घरची होते.

आमच्या शाळांसाठी मला गवा सुचतो. ग्नू हा आफ्रिकेतला प्राणी, आपण कुणी पाहिलेला नाही. गवा मात्र दाजीपूरच्या जंगलातला, आपला. एका शिक्षकांनी लगेच सांगितलं, की गवा पिकात घुसतो, शेतकऱ्याच्या पोराला तो लाडका कसा वाटेल? रास्त आहे, आणि म्हणूनच हे मोठ्यांनी ठरवू नये. एकच अट मी घालीन: देवाचं, महाराजांचं, कुठल्या पुढाऱ्याचं नाव नको. ती नावं मोठी आहेत, पण प्रत्येकावर कुणाचा तरी दावा आहे. ज्या शहरात पाटाकडील आणि प्रॅक्टिस यांच्यातला फुटबॉलचा सामना पेठांच्या जिव्हाळ्याचा असतो, तिथे नाव कुणाच्या बाजूचं झालं की निम्मं गाव पाठ फिरवतं. जे सगळ्यांचं आहे त्याचं नाव कुणा एकाचं असून चालणार नाही.

पुढच्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. आपल्या कुठल्याही पत्रकात 'फ्री' हा शब्द येऊ नये, 'मुक्त' यावा. आणि संगणक ज्या शाळांत जाणार आहेत तिथल्या मुलांकडून नावं आणि चित्रं मागवावीत, आणि निवडलेलं चित्र युइंग यांनी दिलं तसंच सगळ्यांना खुलं द्यावं. अभियंते काकांना दाखवायला मी बाईंकडून त्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स आणली आहे. कंपनीच्या रकान्यात निळ्या शाईत 'पेंग्विन', आणि खाली तपासणी अधिकाऱ्यांची सही आहे. त्या शब्दाभोवती कुणीही लाल वर्तुळ काढलेलं नाही.